पुराच्या गोष्टीतून मगर काढू का?

तुमचं पत्र आणि सोबतची गोष्ट, दोन्ही वाचलं. इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून प्रश्न थोडक्यात पुन्हा सांगते. तुम्ही बडोद्यात कारेलीबागेत राहता, तिसरीच्या वर्गाला शिकवता. विश्वामित्री नदीच्या पुरावर सहा ते आठ वर्षांच्या मुलांसाठी एक गोष्ट लिहिलीत. सात वर्षांची ऋचा आणि तिची आजी पहिल्या मजल्यावरच्या घरात अडकतात, खालच्या पार्किंगमध्ये पाणी भरतं आणि त्या पाण्यातून मगर येते. गोष्ट वाचून ओळखीच्या मोठ्या माणसांनी तीन सूचना केल्या. मगर काढा, मुलं रात्री झोपणार नाहीत. सुटका बाबांनी करायला हवी, एवढीशी मुलगी काय करणार? आणि शेवटी बोध नाही, तो घाला. तुम्ही विचारलंत की मुलांच्या गोष्टीचे म्हणून काही ठरलेले नियम असतात का, आणि या सूचना त्यांत बसतात का.

नियम म्हणावेत असे नाहीत, पण संकेत आहेत आणि ते बरेच जुने आहेत. गंमत अशी की तुम्हाला सुचवलेल्या तीनही गोष्टी त्या जुन्या संकेतांच्या बरोबर उलट जातात. मी तीसेक वर्षं दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या ओसरीवर दर शनिवारी मुलांना गोष्टी सांगते, आणि अधूनमधून कुणाकुणाची हस्तलिखितं तपासून देते. तेवढ्या जोरावर बोलते आहे.

बोधापासून सुरुवात करते, कारण ते दुखणं सगळ्यांत जुनं. आपण मुलाला पहिलं गाणं कुठलं शिकवतो? ये रे ये रे पावसा, तुला देतो पैसा. पैसा झाला खोटा, पाऊस आला मोठा. म्हणजे जेमतेम बोलू लागलेल्या पोराच्या तोंडी आपण पावसाला खोटं नाणं खपवल्याची हकीकत घालतो, आणि वर टाळ्या वाजवतो. शेजारच्या गुजराती घरात त्याच पावसाला ‘ऊनी ऊनी रोटली ने कारेलानुं शाक’ वाढायचं चाललेलं असतं. माझ्या ओसरीवर दोन्ही घरांतली मुलं येतात. एकदा एका गुजराती मुलानं विचारलं, ‘‘तुम्ही लोक पावसाला खोटा पैसा का देता?’’ मी म्हटलं, ‘‘आणि तू त्याला कारल्याची भाजी का देतोस?’’ त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, ‘‘एने भावे छे.’’ त्याला आवडते. संपला विषय.

चिऊ-काऊची गोष्ट घ्या. काऊचं शेणाचं घर पावसात वाहून गेलं, तो चिऊच्या दाराशी भिजत उभा आहे, आणि चिऊताई आतून सांगते आहे, थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते. थांब, माझ्या बाळाला तीट लावते. काही घरांत तर शेवटी त्या बिचाऱ्याला तापल्या तव्यावर बसवतात. आता काढा याचं तात्पर्य! शेजाऱ्याला भिजत ठेवावं? शेणाचं घर बांधू नये? गुजराती चकी-चकोच्या गोष्टीत चको सगळी खिचडी एकटा खाऊन डोळ्यांना पट्टी बांधून आजारी असल्यासारखा पडून राहतो. तीही काही सद्वर्तनाची शिकवण नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या आज्यांनी या गोष्टी सांगितल्या आणि एकाही आजीला शेवटी बोध जोडावासा वाटला नाही. मूल म्हणायचं, पुन्हा सांग. आजी पुन्हा सांगायची.

मग बोध आला कुठून? माझ्या मते छापखान्यातून, आणि छापखाना चालत होता शाळेसाठी. मराठीत मुलांसाठी छापलेलं अगदी सुरुवातीचं पुस्तक महाराष्ट्राबाहेरच निघालं, हे आपल्या बडोदेकरांना ऐकायला बरं वाटेल. तंजावरच्या सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इसापच्या गोष्टी मराठीत करवून ‘बालबोधमुक्तावली’ छापली. मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्र्यांची इसापनीती आली १८२८ साली. आपल्याकडे सयाजीरावांनी १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, १९१० मध्ये बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून गावोगाव वाचनालयं उभी करायला घेतली, आणि मुलांसाठी पुस्तकांची जी माला काढली तिचं नाव ठेवलं श्री सयाजी बालज्ञानमाला. बोध, नीती, ज्ञान. मी या मंडळींना नावं ठेवत नाही. ज्या घरात पहिल्यांदाच पुस्तक शिरणार, तिथे ते कशासाठी आणलं हे सांगावंच लागत असणार. पण ती गरज संपली तरी ओळ मागे राहिली. गंमत म्हणजे इसापच्या गोष्टींखालची तात्पर्यंसुद्धा पुढच्या संग्राहकांनी चिकटवलेली आहेत, आणि एकाच गोष्टीला दोन संग्रहांत दोन निरनिराळी तात्पर्यं सापडतात. पंचतंत्राचं नाव तर बोधवाले हमखास घेतात. त्यातल्या पहिल्या तंत्राचं नाव मित्रभेद, आणि त्यात एक कोल्हा दोन जिवलग मित्रांमध्ये भांडण लावून एकाचा जीव घेववतो आणि स्वतः मंत्रिपदावर मजेत राहतो. ती राजनीती होती, राजपुत्रांसाठी सांगितलेली.

माझाच एक अनुभव सांगते. फार वर्षांपूर्वी एका प्रकाशकांनी (नाव राहू दे, माणूस भला होता) माझ्या गोष्टीखाली मला न विचारता ठळक टायपात ‘तात्पर्य’ छापलं. पुस्तक हातात आल्यावर मी कौतुकानं आमच्या शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलाला दिलं. त्यानं उघडलं, शेवटचं पान काढलं, ती एक ओळ वाचली आणि पुस्तक मिटून परत दिलं. ‘‘कळलं,’’ म्हणाला. शाळेत धड्याच्या शेवटी काय विचारतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं, बाकीची आठ पानं वाचण्याचे कष्ट तो कशाला घेईल?

भावनगरच्या शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांना गुजराती लोक ‘मूछाळी मा’ म्हणतात, मिशीवाली आई. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला मास्तर पहिल्या दिवशी वर्गाला शांततेचा खेळ शिकवायला जातो आणि सपशेल फसतो. मग दुसऱ्या दिवसापासून तो गोष्ट सांगायला लागतो, आणि तीच वर्ग डोक्यावर घेणारी पोरं चिडीचूप होतात. तुम्ही शिक्षिका आहात, हा भाग तुम्हाला मी सांगायला नको.

तुमच्या गोष्टीत बोध नसला तरी आशय भरपूर आहे, आणि या दोहोंत आपल्याकडे फार गल्लत होते. ‘पाण्याशी खेळू नये’ हा बोध झाला. ‘घरात मोठं माणूस एकच आहे, तेही म्हातारं, आणि पाणी वाढतंय, आता मी काय करू?’ हा आशय. मुलांच्या चांगल्या गोष्टींच्या पोटात बहुतेक वेळा असलाच एखादा प्रश्न असतो. घरापासून लांब गेलो तर परत येता येईल का? मी एवढा लहान, तो एवढा मोठा, मग माझं काय चालणार? नवं बाळ आलं, आता माझी जागा कुठली? हे प्रश्न मूल तोंडानं विचारत नाही. गोष्टीतलं कुणीतरी ते त्याच्या वतीनं सोसतं. राजानं टोपी घेतली तर उंदीर ‘राजा भिकारी, माझी टोपी घेतली’ असं ढोलकं वाजवत गावभर सांगत फिरतो, राजाला टोपी परत द्यावी लागते, आणि त्यावरही उंदीर म्हणतो, ‘राजा मला भ्याला!’ ही ओळ आली की माझ्या ओसरीवरचं सगळ्यांत भित्रं पोरसुद्धा सगळ्यांत मोठ्यानं ओरडतं.

आता मगर. २०१९ च्या ३१ जुलैला बडोद्यात एका दिवसात जवळजवळ वीस इंच पाऊस झाला, विश्वामित्री शहरात शिरली आणि मगरी रस्त्यांवर दिसायला लागल्या. पुरानंतरच्या शनिवारी निम्मीच मुलं आली. मी मुद्दाम नाही, सवयीनं, माकड आणि मगरीची गोष्ट काढली. जांभळाचं झाड, माकडाची दोस्ती, मगरीच्या बायकोला हवं असलेलं माकडाचं काळीज. मध्यावर आले तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण आज काय सांगत बसलो आहोत! समोर एक सहा वर्षांची मुलगी होती, तिच्या सोसायटीत पाणी भरलं होतं. मी थबकले तर तीच म्हणाली, ‘‘आमच्या पार्किंगमध्ये आली होती. तिनं काळीज वगैरे काही नाही मागितलं. ती नुसती बसली होती.’’

पुढच्या शनिवारी तिनं तीच गोष्ट मागितली. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या खेपेला मुलं गोष्टीचं नाटक करायला लागली. मला वाटलं ही माकड होणार, कारण शेवटी माकडच जिंकतं. तिनं मगर व्हायचं ठरवलं, आणि सतरंजीवर पोट टेकून, हनुवटी जमिनीला लावून, पापणीसुद्धा न हलवता दहा मिनिटं पडून राहिली. बाकीची मुलं तिच्या अंगावरून उड्या मारत होती. तिच्या आईनं नंतर सांगितलं की त्या आठवड्यापासून ती पुन्हा एकटी जिना उतरायला लागली. गोष्टीनं भीती गेली असा दावा मी करत नाही, जायची तेव्हा ती गेलीच असती. एवढं मात्र पाहिलं की भीती काढून घेण्याऐवजी तिला ती हाताळायला हवी होती.

म्हणून मगर काढू नका. बडोद्यातल्या पुराच्या गोष्टीत मगर नसेल तर इथलं कुठलंही मूल विचारेल, मगर कुठे गेली? आणि मोठी माणसं आपल्यापासून काहीतरी लपवतात, एवढं त्याला बरोबर कळेल. मगर कशी आणायची, त्यासाठी जुन्या संकेतांकडे जा. लेकीकडे निघालेल्या म्हातारीची गोष्ट आठवा. वाघ तिला जाताना भेटतो. ती म्हणते, लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा. गुजराती आजी म्हणते, ‘दीकरीने घेर जावा दे, ताजीमाजी थावा दे’, वाघ तोच. इथे गोष्ट सांगणारी काय करते बघा. वाघ एकदा लांबून दाखवून ठेवते. म्हातारी लेकीकडे तूप खात असते तेव्हाही ऐकणाऱ्याला ठाऊक असतं की वाघ वाटेत बसला आहे. पण वाघ दुसऱ्यांदा येतो तेव्हा मुलाच्या हातात भोपळा असतो आणि तोंडात ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’. भीती सगळ्यांत जास्त असते नेमक्या त्याच क्षणी मुलं तो चरण ओरडतात. तो चरण म्हणजे जिन्याचा कठडा आहे. ‘आटपाट नगर होतं’ हाही कठडाच: हे आपल्या गल्लीत घडत नाही, बेलाशक घाबरा. तुमची गोष्ट कारेलीबागेत घडते, आटपाट नगर तुम्हाला मिळणार नाही. मग दुसरा कठडा हवा.

तो तुमच्याच हस्तलिखितात आहे आणि तुम्ही तो टाकून दिला आहे. तिसऱ्या पानावर ऋचा दार उघडून पाण्याबाहेर उरलेल्या पायऱ्या मोजते: नऊ. एवढं लिहून तुम्ही पुढे गेलात, तो आकडा पुन्हा येतच नाही! तो पुन्हा पुन्हा आणा. नऊ. मग सात. मग चार. मुलं तुमच्याबरोबर मोजतील, पाणी चढतंय हे तुम्हाला वेगळं सांगावं लागणार नाही, आणि रात्री कधीतरी आकडा वाढायला लागला की ते त्यांना ऋचाच्या आधी कळेल. मगरही तीनदा आणा. पहिल्यांदा नुसती वॉचमनकाकांच्या तोंडून. दुसऱ्यांदा अगाशीवरून पाण्यावर दिसणारे दोन डोळे. तिसऱ्यांदा जिन्यात. तीनदाच का? मलाही नीटसं सांगता येत नाही. दोनदा कमी पडतं आणि चौथ्यांदा मुलं चुळबुळतात, हे मात्र दर शनिवारी दिसतं.

एक दोष स्पष्ट सांगते. सहाव्या पानावर तुमची मगर बोलते: ‘मला भूक लागली आहे.’ प्राण्यांनी बोलावं की नाही, याचा निकाल पहिल्या पानावर लागतो. माकडाची मगर पहिल्यापासून बोलते, मुलं ते मान्य करतात. तुमच्या गोष्टीत इन्व्हर्टर आहे, फोनची बॅटरी चार टक्क्यांवर आली आहे, दुधाच्या पिशव्या संपल्या आहेत. इथे सहाव्या पानावर मगर बोलली तर सगळा पूर खोटा होतो. तिला गप्प ठेवा. पुराच्या ओढीनं नदीतून फेकली गेलेली मगर दमलेली असते, ती जागा सापडेल तिथे पडून राहते. तीही घर चुकलेलीच आहे. हे वाक्य मात्र गोष्टीत लिहू नका, फार गोड होईल. ती नुसती बसू दे.

बाबांचा प्रश्न खरं तर सोपा आहे. मुलांच्या गोष्टींत आईबाप इतके मेलेले, हरवलेले, परगावी गेलेले का असतात, असं लोक मला हळहळून विचारतात. लेखकांचं मन कठोर असतं म्हणून नव्हे. बाबा घरात असतील तर दार बाबाच उघडणार. मुलाला काही करायला मिळावं म्हणून मोठ्यांना बाजूला करावं लागतं, आणि त्यासाठी मारण्याची गरज नाही. तुम्हाला तर बडोद्यानं ती सोय आयती करून दिली आहे: नदी शहराच्या मधून जाते. बाबांचं ऑफिस अलकापुरीत ठेवा. पाणी धोक्याच्या २६ फुटांवर गेलं, काळा घोड्याजवळचा पूल बंद झाला, बाबा पलीकडे अडकले. दोन ओळींत काम होतं आणि बाबा सुखरूपही राहतात.

बाबांनी येऊन ऋचाला उचललं तर ती कुरिअरचं पार्सल होईल, ज्यानं त्यानं इकडून तिकडे न्यायचं. सात वर्षांच्या मुलीनं मगरीशी झुंजावं असंही नाही, तसं लिहिलंत तर मुलंच हसतील. तिला एवढंच द्या की बाकी कुणाला माहीत नाही ते तिला माहीत आहे. ती दिवसभर पायऱ्या मोजते आहे. मगर चौथ्या पायरीवर आहे हे फक्त तिनं पाहिलं आहे. अंधारात दूध आणि फूड पॅकेट घेऊन होडी जिन्याशी लागते, एक दादा पाय खाली टाकणार, आणि ही वरून ओरडते, ‘‘चौथीवर नको!’’ दोर टाकणं, मगर धरणं, ते वनखात्याचे लोक आणि स्वयंसेवक बघतील. आजी तेव्हा झोपलेली असू दे, किंवा जपमाळ शोधत असू दे. आजी तुम्हाला छान जमली आहे, तिला हात लावू नका.

भाषेबद्दल थोडंसं. तुम्ही ‘परिसर जलमय झाला’ लिहिता तेव्हा वर्तमानपत्र वाचल्यासारखं वाटतं. इथली आपली बहुतेक मुलं गुजराती नाहीतर इंग्रजी माध्यमात शिकतात. देवनागरी त्यांना हिंदीमुळे येते, पण मराठी ती कानानं जास्त ओळखतात. जे घरात ऐकू येतं ते लिहा. कुणीतरी ‘अगाशी’ खोडून ‘गच्ची’ केलेलं दिसतं. अगाशी परत आणा. शब्द जुन्या मराठीतही होता, आणि ऋचा दुसरं काही म्हणणारच नाही. लांबी आत्ताच्या निम्मी करा, हजारेक शब्द पुरेत.

राहिला शेवट. कहाणीत ‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ म्हणतात, त्यात शिकवण काहीच नाही; चला, आता गोष्टीतून बाहेर या, एवढाच तो निरोप. ‘म्हणून आपण सर्वांनी निसर्गाचा आदर केला पाहिजे’ असली बोधाची ओळ शेवटी घातलीत तर ती मुलाला बाहेर आणणार नाही, वर्गात नेऊन बसवेल. माझ्या मते गोष्ट पाणी उतरल्यावर संपावी. ऋचा दार उघडते आणि मोजते. अठरा. सगळ्या चिखलानं माखलेल्या. आजी वरून विचारते, ‘‘किती?’’ ती सांगते, आणि चौथ्या पायरीवर झाडू घेऊन जरा जास्त वेळ घासते.

नवा खर्डा झाला की शनिवारी सहा वाजता ओसरीवर या आणि तुम्हीच वाचून दाखवा. मी मागे पेन्सिल घेऊन बसेन. ज्या वाक्याला मूल पाणी प्यायला उठतं, त्याच्याखाली रेघ मारायची, एवढीच माझी पद्धत. येताना हस्तलिखिताच्या दोन प्रती आणा, आणि अक्षर जरा मोठं ठेवा, ओसरीवरचा दिवा मंद आहे.